जुनी फियाट आणि रोजचा रस्ता

मुंबईच्या ताडदेव येथील परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी प्रीमियर पद्मिनी जातीची एक टॅक्सी नोंदली गेली. त्या जातीची ती शेवटचीच टॅक्सी. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांचे आयुष्य नेमून दिलेले असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्यापिवळ्या रंगातली पद्मिनी कायद्याने रस्त्यावर उरली नाही. त्या आठवड्यात वृत्तपत्रांनी मृत्युलेख लिहावेत तसे लेख लिहिले, जुनी छायाचित्रे छापली, म्हाताऱ्या टॅक्सीवाल्यांना बोलते केले. हे सारे यथायोग्यच झाले. तथापि एक गोष्ट त्या लेखांतून आमच्या वाचनात आली नाही, आणि आज आम्हांस नेमकी तीच सांगावयाची आहे. टॅक्सी गेली त्या दिवशी घरोघरी उभ्या असलेल्या फियाटींचेही दिवस पालटले.

आमचा विषय प्रदर्शनातली गाडी हा नव्हे. वर्षातून एकदा पुसून, हार घालून मिरवणुकीत काढावयाची मोटार ही एक चैन आहे. ज्यांस परवडते त्यांनी ती खुशाल करावी. आम्ही बोलतो आहोत ते पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली अशा गावांतून अजूनही सकाळी चालू होणाऱ्या, मंडईत जाणाऱ्या, नातवंडांना शाळेत सोडणाऱ्या जुन्या फियाटीविषयी. अशी गाडी नीट करून रोज वापरावी असे आज पुष्कळ तरुणांच्या मनात येते, आणि मनात येताच दोन पक्ष त्यांना दोन बाजूंनी ओढू लागतात. एक पक्ष म्हणतो, कारखान्यातून जशी आली तशी करा, एक स्क्रूसुद्धा परका नको. दुसरा म्हणतो, सांगाडा तेवढा ठेवा आणि आत सगळे नवे घाला. ह्या वादाचा निकाल मेस्त्र्याच्या दुकानात लागत नाही, कारण वाद मुळात इतिहासाचा आहे. ‘जशी होती तशी’ म्हणजे कधी होती तशी, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

मुंबईत मोटारीचा कारखाना काढण्याची योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५-३६च्या सुमारास आखली होती. सरकारी आस्थेच्या अभावी ती रखडली. सोलापूरच्या मातीतून वर आलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी ती उचलली, १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, डिसोटो, प्लिमथ ह्या अमेरिकन गाड्या जुळवून बाहेर काढावयास प्रारंभ केला. आगबोटी, विमाने आणि मोटारी हे तिन्ही धंदे देशी असावेत ही त्या माणसाची जिद्द होती. १९५३ साली ते वारले. इटलीतील तुरीनच्या फियाट कंपनीशी करार तत्पूर्वी झालेला होता, पण त्या कराराचे खरे फळ त्यांनी पाहिले नाही.

त्याच सुमारास भारत सरकारने ठरविले की, ज्या कंपन्यांपाशी गाडी येथेच बनविण्याचा कार्यक्रम नाही, ज्या केवळ परदेशी सुटे भाग आणून जुळवितात, त्यांनी आपला गाशा गुंडाळावा. १९२८ पासून मुंबईत शिवडीस गाड्या जुळविणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ साली आवरते घेतले. मैदानात मोजकेच राहिले, आणि त्यांत कुर्ल्याची फियाट राहिली. ही गाडी म्हणजे ‘११००’. दान्ते जियाकोसा ह्या इटालियन अभियंत्याच्या देखरेखीखाली ती घडली आणि १९५३ साली जगापुढे आली. तिची घडण त्या काळाच्या मानाने नवी होती. जुन्या मोटारींना खाली लोखंडी चौकट असे व वर पेटी ठेवलेली असे; हिला वेगळी चौकटच नाही, पत्र्याची पेटी हाच तिचा कणा. इंजिन चार नळकांड्यांचे, प्रत्येकीचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५, एकूण मान १०८९ घन सेंटिमीटर. ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. आज एखादी मोठी फटफटी एवढी ताकद सहज देते. परंतु त्या एवढ्याशा ताकदीवर घरातली पाच माणसे, दोन ट्रंका आणि वर टपावर एक वळकटी बोरघाट चढत असे.

महाराष्ट्रात तिच्या पहिल्या रूपाला ‘डुक्कर फियाट’ म्हणत. नाव प्रेमाचेच होते. गोल पाठ आणि पुढे आलेले तोंड पाहून ते पडले. १९६४ साली कुर्ल्याहून तिचे नवे रूप निघाले, ‘११०० डी’. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी त्याच वर्षी घरच्यांच्या आग्रहावरून फियाट घेतली. किंमत बारा हजार, हाताशी सात. उरलेले पाच हजार त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ काढले. १९६६ साली ताश्कंदला त्यांचे देहावसान झाले तेव्हा कर्ज फिटलेले नव्हते, ते ललिताबाईंनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती गाडी आज दिल्लीच्या शास्त्री स्मारकात उभी आहे. मध्यमवर्गाला फियाट म्हणजे काय वाटत होते हे समजण्यास ही एक गोष्ट पुरे आहे.

आता इतिहासाचा तो भाग येतो ज्यावर आमचा सारा मुद्दा उभा आहे. तुरीनने ‘११०० डी’ १९६६ साली बंद केली. आपल्याकडे ती बंद झाली नाही. १९७० नंतर फियाटशी असलेला करार संपला, गाडीचे नाव प्रथम ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाले, पुढची जाळी बदलली, दिवे बदलले. पण पत्रा तोच, इंजिन तेच, पुढच्या चाकांना ड्रमचे ब्रेक तेच. शतकाच्या अखेरीपर्यंत तीच गाडी निघत राहिली. आयातीवर बंदी, कारखान्यांना ठरवून दिलेला आकडा, स्पर्धा नावाला, आणि गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारे गिऱ्हाईक. अशा स्थितीत कारखानदार सुधारणा कशासाठी करील? १९८३च्या डिसेंबरात मारुती आली तेव्हा कुठे लोकांस कळले की गाडी हलकी असू शकते आणि थंडीतही पहिल्या किल्लीला चालू होऊ शकते.

कारखान्याने जे केले नाही ते मेस्त्र्याने केले. पद्मिनीचा खरा इतिहास हा दुरुस्तीचा इतिहास आहे असे आमचे मत आहे. गाडी हाती येताच लोक ती गॅरेजात नेत. खालून गंजू नये म्हणून काळा लेप देऊन घेत, कार्बोरेटर पुन्हा जुळवून घेत, दाराच्या कडांना रबर लावून घेत. इंजिन झिजले की लेथवाल्याकडे बोअरिंग करून मोठे पिस्टन घालावयाचे, तेही झिजले की आणखी मोठे, आणि शेवटी नळकांड्यात स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर यावयाचे. तेव्हा जी गाडी आज आपण ‘अस्सल’ म्हणून शोधतो तिच्या इंजिनाचे माप तरी कारखान्याच्या कागदाशी जुळते काय? बहुधा जुळत नाही.

आणि मेस्त्र्याला जगविले कोणी? टॅक्सीने. मागल्या शतकाच्या शेवटच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या आसपास टॅक्सी होत्या व त्यांत पद्मिनीच बहुसंख्य. टॅक्सी दिवसाला दोन पाळ्यांत चाले. तिला क्लच प्लेट, ब्रेकचे लायनर, वॉटर पंप, स्टिअरिंगचे सांधे ह्यांची सतत गरज, आणि ती गरज स्वस्तात भागलीच पाहिजे, कारण मीटर ठरलेले. म्हणून लहान लहान कारखान्यांतून हे भाग वर्षानुवर्षे निघत राहिले, आणि कुर्ल्यातल्या भंगार बाजारात जुन्या गाड्यांचे दरवाजे, काचा, मूठी ह्यांचे ढीग लागले. गाडी कुर्ल्यात जन्मली आणि तिचे सुटे अवयवही कुर्ल्यातच विकले गेले, हा योग मोठा विलक्षण आहे. आमच्यासारख्या गावच्या माणसाने दर चार-सहा महिन्यांनी मुंबईस जाणाऱ्या कोणाजवळ चिठ्ठी द्यावी आणि भाग मागवून घ्यावा. घरची फियाट जगली ती ह्या टॅक्सीच्या पंगतीला बसून. सीएनजीची टाकी डिकीत घालून सामान टपावर घेणारी ती टॅक्सी हीसुद्धा एक सुधारून वापरलेली गाडीच होती. तिला कोणी तसे म्हटले नाही एवढेच.

पंगत आता उठली आहे. टॅक्सीसाठी माल काढणाऱ्याला तो काढण्याचे कारण राहिले नाही. ‘सगळे मूळचे ठेवा’ म्हणणाऱ्या मित्रांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. मूळचा भाग मिळणार कोठून, आणि मिळालाच तर दुकानाच्या फळीवर तीस वर्षे पडलेले ब्रेकचे रबर आपण आपल्या मुलाबाळांच्या गाडीत घालणार काय?

जुनी गाडी रोजच्या वापरासाठी घडवावयाची असेल तर पहिला पैसा पत्र्यावर खर्चावा. पेटी हाच कणा हे वर सांगितलेच. दाराखालचे उंबरे आणि पायाखालचे तळ ही ह्या गाडीची मर्मस्थाने. पावसाचे पाणी तेथे शिरते आणि आतून कुरतडते. वरून लांबी भरून, रंग मारून गाडी आरशासारखी करून देणारे पुष्कळ भेटतात. तो रंग दोन पावसाळे टिकतो. सडका भाग कापून, तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंग करून बसविणे हे कंटाळवाणे, खर्चाचे आणि डोळ्यांना न दिसणारे काम आहे. पण दार उघडल्यावर ते खाली न लोंबता जागच्या जागी राहते की नाही, हे ह्याच कामावर अवलंबून असते.

मग ब्रेक. मूळ गाडीत चारही चाकांना ड्रम आणि त्या चौघांना तेल पोचविणारा मास्टर सिलिंडर एकच. एका नळीला गळती लागली की चारही चाकांचा ब्रेक जातो. १९६४च्या रस्त्यावर मागेपुढे बैलगाड्या होत्या तेव्हा हे चालून गेले. आज पुढची मोटार डिस्क ब्रेकची असते, ती जागच्या जागी थांबते, आणि आपली फियाट मात्र तिच्या पाठीत जाऊन बसते. पुढच्या चाकांना डिस्क, आणि पुढच्या-मागच्या चाकांसाठी दोन वेगळे मार्ग असणारा मास्टर सिलिंडर, हा बदल आम्ही ऐच्छिक मानीत नाही. पट्ट्यांचेही तेच. १९६४च्या गाडीत पट्टा नव्हता म्हणून आज पट्ट्यावाचून बसणे ह्याला इतिहासप्रेम म्हणता येणार नाही.

विजेची व्यवस्था ही त्यानंतरची गोष्ट. जुना डायनॅमो गाडी उभी असताना, इंजिन हळू फिरत असताना, जवळजवळ काहीच वीज देत नाही. सिग्नलला उभे राहिले, दिवे लागलेले, काचेवरचा वायपर फिरतोय, की बॅटरी उतरू लागते. आल्टरनेटर त्याच मंद गतीत पुरेशी वीज देतो. पंख्याचेही गणित हेच आहे. मूळ पंखा पट्ट्याने इंजिनाला जोडलेला. इंजिन मंदावले की पंखा मंदावतो, उष्णता मात्र मंदावत नाही. पूर्वी बोरघाटात ठिकठिकाणी बॉनेट उघडून, फडक्याने झाकण धरून पाणी घालणारे लोक दिसत. आता ते दृश्य घाटात नाही, कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सहाला दिसेल. विजेचा पंखा आणि तो आपोआप चालू करणारी कळ एवढ्याने हे दुखणे जाते. बदल इतका लहान की मनात आल्यास एका दिवसात काढूनही टाकता येतो.

पेट्रोलने मात्र नवाच पेच घातला आहे. शिसे घातलेले पेट्रोल देशात २००० साली बंद झाले. त्या शिशाचा व्हॉल्व्हच्या बैठकांना एक प्रकारचा आधार असे, म्हणून इंजिन उघडलेच तर कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे शहाणपणाचे. आता २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आले. हे इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा खाते, हवेतले पाणी ओढून घेते, आणि त्या पाण्याने टाकी आतून गंजते. महिनोन्महिने उभी राहणारी गाडी ह्याने लवकर बिघडते. रोज फिरणाऱ्या गाडीत टाकीतले पेट्रोल शिळे होत नाही, हा तिचा एक फायदा. तरीही नळ्या व पडदा नव्या जातीचा घालावाच लागतो, कार्बोरेटरचा जेट थोडा मोठा करावा लागतो. येथे ‘मूळचे ते खरे’ हे तत्त्व चालविणे म्हणजे गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकू देणे होय.

मग ठेवावयाचे काय? आमच्या मते पुष्कळ. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर ठेवावा. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावाचून पडत नाही, आणि घाईने टाकला तर दात कुरकुरतात. परंतु त्या दांड्यामुळेच पुढे एक सलग बाक बसतो आणि मधे एक लहान मूल मावते. शेवटच्या काळातल्या पद्मिनीला खाली गिअर आला, त्या गिअरपेटीत निसानच्या बनावटीची सफाई आहे, पण तो बाक गेला. दारावरच्या त्रिकोणी चोरखिडक्या ठेवाव्यात. उन्हाळ्यात वारा थेट अंगावर घेण्याची तेवढी चांगली युक्ती नव्या गाडीत कोणी केली नाही. पुढचे तोंड, काट्यांची तबकडी, आसनांची उंची ह्यांना हात लावू नये. आणि कोणताही बदल करताना पेटीला नवे भोक पाडावे लागत असेल तर दोनदा विचार करावा, कापावे लागत असेल तर दहादा.

सगळे इंजिनच बदलून टाकण्याचा सोस अलीकडे फार आहे. ह्याबाबतीत कायदाही बोलतो. गाडीची मूळ रचना कारखानदाराच्या नोंदीपासून वेगळी होईल असा फेरफार करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच जातीचे इंजिन परवानगी काढून बसविणे वेगळे आणि भलतेच दणकट इंजिन कोंबणे वेगळे. शिवाय चाळीस अश्वशक्तीसाठी बेतलेल्या कण्यावर शंभरांचा भार घातल्यास काय होईल हे कळण्यास न्यायालयाची गरज नाही.

एक काम मात्र फारसे कोणी करीत नाही, आणि इतिहासाचा अभ्यासक म्हणून आम्हांस त्याचेच सर्वांत मोल वाटते. गाडीची एक वही ठेवावी. कोणत्या तारखेस काय काढले, काय घातले, कोणत्या गाडीचा भाग कोणत्या युक्तीने बसविला, लेथवाल्याने किती माप उतरविले, हे सारे तीत लिहावे. काढलेला जुना भाग तेलात बुडविलेल्या फडक्यात गुंडाळून, चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवावा. ज्या मेस्त्र्यांनी ह्या गाड्या चाळीस वर्षे चालविल्या त्यांनी कागदावर काहीच लिहिले नाही. त्यांचे शास्त्र बोटांत होते. बोट लावून इंजिनाची थरथर पाहायची आणि डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवायचा, हे ज्याला येते तो मेस्त्री आता सत्तरीच्या पुढे आहे आणि त्याचा मुलगा दुचाकीच्या शोरूममध्ये नोकरीला आहे. जुनी गाडी नीट करू इच्छिणाऱ्या तरुणाने भाग जमविण्याआधी अशा एका मेस्त्र्याच्या दुकानात चार रविवार स्टूल टाकून बसावे, आणि वही बरोबर न्यावी. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आता उंच इमारती आहेत, ‘प्रीमियर’ हे नाव तेथल्या रस्त्याला तेवढे उरले आहे. तेथे जाऊन विचारण्यासारखे कोणी नाही.

शेवटी नोंदणीचा प्रश्न, कारण त्यावाचून रोजचा वापर ही गोष्टच संभवत नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नवी करावी लागते. तिचे शुल्क २०२२ साली सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर नेण्यात आले. दुसरीकडे १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने प्राचीन गाड्यांसाठी निराळे नियम काढले. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे झालेली आणि पेटी, सांगाडा, इंजिन ह्यांत मोठा फेरफार न झालेली गाडी त्यांत बसते. तिला ‘व्हीए’ ह्या अक्षरांचा क्रमांक मिळतो, आणि ती आधीच नोंदलेली असल्यास जुना क्रमांकही ठेवता येतो. हा मान चांगला आहे. परंतु त्याबरोबर एक अट येते: अशी गाडी रस्त्यावर नित्याच्या कामासाठी नेता येत नाही. प्रदर्शन, मिरवणूक, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्याच कारणांसाठी ती बाहेर काढावयाची.

पद्मिनी ह्या नावाने निघालेल्या पहिल्या गाड्यांस २०२४ साली पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्याआधीच्या ‘११०० डी’ आणि डुक्कर फियाटी तर केव्हाच त्या वयाच्या पलीकडे गेल्या. ह्यापुढे दर वर्षी आणखी काही घरांतून हा प्रश्न निघेल: पाच-पाच वर्षांची तपासणी करीत राहावयाची, की नमुना २० चा अर्ज भरून मोकळे व्हावयाचे. ज्यांना गाडी रोज वापरावयाची आहे त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी ती अट नीट वाचावी. त्या नियमाखाली नोंदलेल्या फियाटीतून पेट्रोल भरावयास जाता येते. वाटेत मंडईपाशी थांबून भाजी घेता येत नाही.